रुळाकडची बाजू

साहेब खरं म्हणजे कुणाचेच साहेब नव्हते. नगररचनेच्या कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते, म्हणजे नकाशा यांनी काढायचा, सही दुसऱ्याने करायची आणि इमारत तिसऱ्याने वाटेल तशी बांधायची. पण चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून समोरच्याकडे बघायची त्यांची तऱ्हाच अशी होती, की इमारतीतले लोक तोंडावर त्यांना साहेब म्हणत. पाठीमागे फूटपट्टी म्हणत. ही दुसरी पदवी साहेबांच्या कानावर आली होती आणि मनातून ती त्यांना पहिलीपेक्षा जास्त आवडायची, कारण ती निदान कमावलेली होती.

निवृत्त माणसाने काय करावं याबद्दल निवृत्त न झालेल्यांची मतं फार ठाम असतात. त्या मतांना मान देऊन साहेब सकाळी फिरायला जाऊ लागले. पण रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांमधलं अंतर सारखं नाही हे ध्यानात आल्यापासून त्यांचं फिरण्यात मन रमेना. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. फडताळातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. दिसायला फार सुरेख दिसलं, फक्त त्या दिवसापासून मीठ सापडेनासं झालं.

"अहो," बायको म्हणाली, "ऑफिसात तुमचं नीट चालायचं ना?"

"उत्तम चालायचं."

"मग तिथंच का नाही राहिलात?"

थट्टेतच म्हणाली बिचारी, पण लागायचं तिथं लागलं. निवृत्तीनंतर सुरुवातीला साहेब फोन उशाशी घेऊन झोपत होते. जुने नकाशे कुठल्या कपाटात कसे लावलेत हे फक्त त्यांनाच माहीत होतं, तेव्हा कचेरीतून फोन येणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. फोन आला नाही. एकतर नकाशे सापडत असावेत, किंवा ते कुणाला हवेच नसावेत. यातलं अधिक वाईट कोणतं, हे साहेबांना ठरवता येत नव्हतं. आपण नसलो तर कुणाचं काही अडत नाही, कुणी कुठं आपली वाट बघत नाही, एवढंच त्यांना कळलं होतं आणि ते त्यांना सहन होत नव्हतं.

अशा मनःस्थितीत त्यांची दाढ दुखायला लागली. दातांचे डॉक्टर दाढ कोरता कोरता त्यांच्या मंडळाविषयी बोलत होते. छोट्या रेल्वेचं मंडळ. प्रत्येक सभासद आपापल्या घरी रेल्वेमार्गाचा एक तुकडा बनवतो. चार फूट लांब, दोन फूट रुंद लाकडी फळी, तिच्यावर रूळ, खडी, झाडं, घरं, जे काय सुचेल ते, सगळं खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशीपट लहान. वर्षातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये सगळे तुकडे जोडायचे आणि त्यावरून गाडी सोडायची. जुन्या झालेल्या दात कोरायच्या सुया रुळाखाली भोकं पाडायला फार बऱ्या पडतात, असंही डॉक्टरांनी सांगितलं. "तुमच्यासारखा मापाचा माणूस हवाच आहे आम्हाला. येताय ना?" तोंड उघडं असलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. पण साहेबांना नाही म्हणायचंच नव्हतं. 'हवाच आहे' हे शब्द त्यांनी बऱ्याच काळात ऐकले नव्हते.

मंडळाच्या चिटणीस गणिताच्या बाई होत्या. शाळेत तीन पिढ्यांनी त्यांची धास्ती घेतलेली होती. त्यांनी साहेबांना रिवाज समजावून सांगितला. नवा माणूस आधी उमेदवार. त्याने आपला तुकडा एकट्याने करायचा आणि प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत कुणाला दाखवायचा नाही. त्या दिवशी मंडळातली सगळ्यात लांब गाडी त्यावरून न अडखळता गेली, तर तो सभासद. अडखळली, तर पुढच्या वर्षी भेटू. मग त्यांनी साहेबांच्या हातात एक साचा ठेवला. प्लायवुडचा छोटा तुकडा, त्यात दोन भोकं. फळीच्या दोन्ही टोकांना हा साचा लावून भोकं उमटवायची आणि रूळ नेमके तिथून बाहेर काढायचे, म्हणजे एकाचे रूळ दुसऱ्याच्या रुळांना जुळतात. ही भोकं मधोमध नव्हती, एका कडेकडे सरकलेली होती.

"काही शंका आली तर फोन करा," बाई म्हणाल्या.

साहेब नुसतं हसले. उभा जन्म मापात गेलेल्या माणसाला प्लायवुडच्या तुकड्याविषयी काय शंका येणार?

घरी आल्यावर जेवणाचं टेबल साहेबांनी ताब्यात घेतलं. बायकोने ताटं हातात धरून जेवायची तयारी एका अटीवर दाखवली, की स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. करार झाला.

तुकड्यावर काय उभारायचं हा प्रश्न साहेबांना पडलाच नाही. ते राहतात ती इमारत. तिच्या मागूनच मालगाडीचा रूळ जातो. इमारत समोर, रूळ मागे. साचा फळीला लावून पाहिला, तर भोकंसुद्धा मागच्या कडेलाच येत होती. निसर्गानेच आपला नकाशा मंजूर केला असं साहेबांना वाटलं.

"बाईंना एकदा विचारून घ्यायचं का?" बायको म्हणाली.

"काय विचारायचं? भोक म्हणजे काय?"

तिने विषय सोडून दिला.

आता कागदोपत्री इमारतीची उंची साहेबांना ठाऊक होती, पण कागदावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता, कारण कागद त्यांनीच रंगवलेले होते. म्हणून ते गच्चीवर गेले आणि ओळंबा दोरीला बांधून खाली सोडला. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाई रात्रपाळी करून नुकत्याच झोपल्या होत्या. त्यांचा डोळा उघडला तेव्हा खिडकीबाहेर पितळेचा एक गोळा हळूहळू खाली उतरत होता. त्यांनी जी किंकाळी फोडली तिने रस्त्यावरची माणसं थांबली. थांबलेल्या माणसांनी वर पाहिलं, तर नगररचनेचा माणूस इमारत मोजतोय. व्हायचं तेच झालं. दुपारपर्यंत रस्ता रुंद होणार, इमारत कापली जाणार, अशी पक्की बातमी झाली आणि चार वाजता कुठून किती फूट जाणार हेही लोकांना समजलं होतं.

इमारतीचे चेअरमन स्वतः वर आले. मागे विम्याचे एजंट होते. एजंट कुठल्याही संकटात चेअरमनच्या मागे असत, कारण संकटात सापडलेली माणसं पॉलिसी काढतात.

"साहेब, खरं काय ते सांगा. पुढचं कापणार की मागचं?"

"काहीच कापत नाहीत हो. मी मॉडेल करतोय. रेल्वेचं."

"खेळणं?"

"मॉडेल."

"पण म्हणजे गाडी फिरते ना त्यावर?"

"फिरते."

"मग खेळणंच की."

साहेबांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, पण या खेपेला त्याचा काही परिणाम झाला नाही. इमारत वाचल्याच्या आनंदात चेअरमनना एकदम अधिकाराची आठवण झाली. फळी कापताना करवतीचा आवाज होणार, म्हणजे कमिटीचा ठराव हवा. शिवाय इमारत सर्वांची, तेव्हा ती कशी दाखवायची हेही सर्वांनी ठरवायला हवं. कचेरीत असताना साहेबांनी लोकांना या खिडकीवरून त्या खिडकीवर पुष्कळ पाठवलं होतं. या बाजूला उभं राहिल्यावर किती घाम येतो ते त्यांना आता समजत होतं.

बैठक जिन्यात भरली. चेअरमन म्हणाले, इमारत नवीन रंग दिलेली दाखवावी. रंग कधी देणार, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा तो विषय आजचा नाही असं सांगण्यात आलं. माझ्या बाल्कनीत कुंड्या दाखवा, असंही ते म्हणाले. एजंटना दारात नवी स्कूटर हवी होती. तुमची तर जुनी आहे, असं साहेब म्हणाले, तर ते म्हणाले, प्रदर्शन होईपर्यंत घेईन. नर्सबाईंचं मागणं सगळ्यात साधं होतं. "माझी खिडकी बंद दाखवा. दिवसा मी झोपलेली असते. आणि लोकांना कळू द्या, की तिथं कुणीतरी झोपतं." मग ठराव मंजूर झाला.

साहेबांनी सगळ्यांचं सगळं मान्य केलं. मान्य न करून करतात काय? इमारतीच्या पुढच्या भागावर भिंती चकचकीत झाल्या, कुंड्यांत फुलं आली, स्कूटर उभी राहिली. पण उभं आयुष्य कागदावर जे आहे ते नाही आणि जे नाही ते आहे असं दाखवण्यात गेलेल्या माणसाच्या जिवाला हे लागत होतं. आपल्या स्वतःच्या, एकुलत्या एक कामातही पुन्हा तेच? मग त्यांनी मनाशी एक तोड काढली. पुढची बाजू लोकांची. मागची आपली. मागे कोण बघतंय?

मागची बाजू त्यांनी जशी होती तशी केली. गंजलेले नळ काड्यांचे केले. ओल चढलेली भिंत चहाच्या पाण्याने रंगवली. चेअरमननी परवानगीशिवाय बाहेर काढलेली न्हाणी इंचन्‌ इंच बरोबर उतरवली. तिचं माप त्यांच्या डोळ्यांत कधीचं बसलेलं होतं. एजंटची बंद पडलेली स्कूटर गोणपाटाखाली झाकून ठेवली. नर्सबाईंच्या दोरीवर तांदळाएवढे पांढरे गणवेश वाळत घातले. आणि आपल्या मागच्या गॅलरीत, कठड्याला टेकून, हातात कप घेतलेली दोन सेंटिमीटर उंचीची एक बाई उभी केली. हे काम चालू असताना ते कधी नव्हे ते गुणगुणत असत. बायको आतून ऐकायची आणि मीठ सापडल्याच्या आनंदात काही बोलायची नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी तुकडा चादरीत गुंडाळून हॉलमध्ये नेला. इमारतीतली सगळी मंडळी आपापलं वैभव बघायला झाडून आली होती. नर्सबाईसुद्धा झोपमोड करून आल्या होत्या. भिंतीच्या कडेने मंडळाचे तुकडे एकाला एक जोडत चालले होते. कुणाचा डोंगर, कुणाचा पूल, डॉक्टरांचं जंगल. मधे साहेबांची जागा मोकळी ठेवलेली होती. साहेबांनी चादर काढली, तुकडा जागेवर ठेवला आणि शेजारच्या तुकड्यांकडे पाहिलं.

डाव्या शेजाऱ्याचे रूळ पुढच्या कडेने येत होते. उजव्याचेही पुढच्याच. साहेबांचे तेवढे मागून, भिंतीला चिकटून जात होते.

बाईंनी वाकून पाहिलं. "साचा कसा धरला होतात?"

साहेबांनी हवेत धरून दाखवला.

"हं," बाई म्हणाल्या. शाळेत या 'हं'नंतर मुलं रडायला लागत. "फिरवा."

"काय फिरवा?"

"तुकडा. रूळ पुढे येतील. दुसरा इलाज नाही."

फिरवला नाही तर गाडी जाणार नाही, म्हणजे उमेदवारी संपली. फिरवला तर पुढचं सगळं भिंतीकडे आणि मागचं सगळं जगासमोर. समोर चेअरमन सहकुटुंब उभे होते. साहेबांनी डोळे मिटले आणि फिरवला.

पहिल्यांदा चेअरमनच्या बायकोनेच पाहिलं. "अहो, ही आपली न्हाणी ना?" तिने कौतुकानेच विचारलं, पण मोठ्याने. चेअरमन लगबगीने पुढे झाले आणि तुकड्याकडे पाठ करून न्हाणीच्या बरोबर समोर उभे राहिले.

"साहेब, हे परत फिरवता येत नाही का?"

"रूळ जुळणार नाहीत."

"रुळांचं काय घेऊन बसलात? माझी अब्रू चाललीय."

"बाजूला व्हा," गणिताच्या बाई म्हणाल्या. चेअरमन त्यांचेच विद्यार्थी होते. बाजूला झाले.

एजंटनी गोणपाटाखालची स्कूटर ओळखली आणि ही आपली नव्हेच असं कुणी न विचारता दोघातिघांना सांगितलं. नर्सबाई मात्र दोरीकडे बघत राहिल्या. "पाचवा कुठाय?" त्या म्हणाल्या. "माझे पाच आहेत."

"चारच मावले. मापात." साहेब ओशाळून म्हणाले.

"बाकी बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "असेच वाळतात."

बायको गर्दीतून पुढे आली होती. ती खूप वेळ गॅलरीतल्या बाईकडे वाकून बघत होती. मालगाडी जाते तेव्हा ती रोज तिथं चहा घेऊन उभी राहायची. तेवढाच तिचा दिवसातला स्वतःचा वेळ. साहेब त्या वेळी आत पेपर वाचत असत, किंवा वाचतायत असं तिला वाटत आलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"दिसतं ना आतून."

"कधी बोलला नाहीत."

"बोललो असतो तर आत आली असतीस." साहेब म्हणाले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही.

तेवढ्यात बाईंनी टाळी वाजवली. मंडळाचा रिवाज असा, की उमेदवाराच्या तुकड्यावरून गाडी जाताना कुणी बोलायचं नाही. दूरच्या टोकाहून लांबच लांब मालगाडी निघाली. डोंगराखालून आली, पुलावरून आली, डॉक्टरांच्या जंगलातून बाहेर पडली. जोडावर इंजिन आलं तेव्हा साहेबांनी बायकोचा हात इतका घट्ट धरला की तिने ओठ चावला. टक्‌ असा बारीक आवाज झाला. इंजिन गेलं. मग डबे, एकामागून एक, न्हाणीसमोरून, गणवेशांसमोरून, कप घेतलेल्या बाईसमोरून गेले. शेवटचा डबा पलीकडच्या तुकड्यावर गेला तेव्हा चेअरमनच आधी टाळ्या वाजवायला लागले आणि मग न्हाणीची आठवण होऊन थांबले.

दिवसभर साहेबांच्या तुकड्यापुढची गर्दी हटेना. लोक वाकून आपापलं घर सापडल्यासारखे बोटं दाखवत होते, ही बघ आपली बादली, हा बघ आपला नळ. संध्याकाळी हॉल रिकामा होऊ लागला तेव्हा बाई आणि डॉक्टर साहेबांकडे आले.

"कमाल केलीत," डॉक्टर म्हणाले. "गाडीतून गाव दिसतं ते मागूनच. पुढून कधी दिसतं का? इतकी वर्षं आम्ही सगळे रुळाकडे घरांची तोंडं करून बसवतोय. मी बाईंना म्हटलं, या माणसाने हे ठरवून केलंय."

"ठरवून केलंत?" बाईंनी विचारलं.

प्रश्न सोपा होता आणि उत्तर आणखी सोपं होतं. नुसतं हो म्हणायचं. साचा उलटा धरणारा फूटपट्टी हा एक डाग, आणि सगळ्यांना न सुचलेलं सुचणारा साहेब हा केवढा मान. कचेरीत याहून मोठमोठ्या चुका ठरवूनच केल्या होत्या असं सांगून साहेबांच्या साहेबांनी बढत्या घेतल्या होत्या. शब्द ओठांवर आला. मग त्यांची नजर चहाच्या पाण्याने रंगवलेल्या ओलीवर गेली.

"नाही," ते म्हणाले. "साचा उलटा धरला. पुढची बाजू भिंतीकडे आहे ना, ती दाखवायची होती. कुंड्या आहेत तिथं." आणि मग, एकदा बोलायला लागल्यावर, तेही राहून का जावं म्हणून पुढे म्हणाले, "तुम्ही फोन करा म्हणाला होतात. मी केला नाही."

डॉक्टरांचा चेहरा पडला. बाईंचा पडला नाही.

"तुकडा नियमात बसतो," त्या म्हणाल्या. "गाडी अडखळली नाही, म्हणजे सभासद झालात. पण साचा कसा धरायचा हे साच्यावर लिहिलेलं नाही ही आमची चूक. पुढच्यासाठी तरी लिहायला हवं. ड्राफ्ट्समनचं अक्षर चांगलं असतं ना?"

"असतं," साहेब म्हणाले.

"मग सोमवारी सहाला या. आम्ही सगळे असतो."

इमारतीत पुढचे काही दिवस जिन्यात साहेबांशी कुणी बोललं नाही. नर्सबाई तेवढ्या बोलल्या, त्याही पाचव्या गणवेशाबद्दल. साहेबांचं तिकडे लक्षच नव्हतं. सोमवारी त्यांनी दुपारीच पेन्सिलींना टोकं केली, ब्रश धुतले, इस्त्रीचा शर्ट घातला, बूट चढवले आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. साडेपाच वाजले. निघायची वेळ झाली. साहेब उठले नाहीत.

"अहो, जायचंय ना?" बायको आतून म्हणाली.

"जायचंय."

"मग?"

साहेबांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. सहा वाजले. सहा वाजून गेले. तिने बाहेर येऊन पाहिलं. आयुष्यात एक मिनिट उशिरा न गेलेला माणूस पायांत बूट घालून शांत बसला होता आणि फोन मांडीवर होता. कचेरीत ते कधीच उशिरा गेले नव्हते, त्यामुळे कचेरीत कधी कुणी त्यांची वाट बघितली असती की नाही, हे कळायला त्यांना मार्गच उरला नव्हता. हे तिला एकदम उमगलं आणि काही न विचारता ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

फोन वाजला तेव्हा दोघंही दचकली.

"कुठं आहात?" गणिताच्या बाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "आम्ही सगळे थांबलोय इथं."

"निघालोच," साहेब म्हणाले.

फोन ठेवून ते उठले. "थांबलेत," ते बायकोला म्हणाले.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "जा आता. पळा."